गाडीचं औषधपाणी

आमच्या घरात बाटलीवर जे लिहिलेलं असतं तेच बाटलीत असेल, अशा भ्रमात कुणी राहू नये. आईस्क्रीमच्या डब्यात मेतकूट असतं, मधाच्या बाटलीत तिळाचं तेल असतं आणि परदेशी बिस्किटांच्या देखण्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा आणि जुनी बटणं. पाहुण्यांची मुलं मोठ्या आशेनं तो डबा उघडतात आणि त्यांचे चेहरे पडतात. चांगली बाटली टाकून द्यायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं, आणि माझ्या नवऱ्याच्या तर माझ्याहून जास्त. लग्नाआधी पत्रिकेत आमचे किती गुण जुळले होते ते आता आठवत नाही, पण हा एक नक्की जुळला होता. ह्याच गुणापायी गेल्या उन्हाळ्यात आमची गाडी घरातून जायची वेळ आली.

गाडी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. लेक कॉलेजात असताना घेतलेली, राखाडी रंगाची लहानशी पेट्रोल गाडी. तिची पंधरा वर्षांची मुदत संपली तेव्हा इमारतीतल्या लोकांना वाटलं, चला, एक जागा मोकळी होणार. आम्ही तिचं पुन्हा पासिंग करून आणलं. खरं म्हणजे शनिवार पेठेत राहणाऱ्याला गाडी लागतच नाही. मंडई चालत, बँक चालत, दवाखाना चालत. गाडी काढायची तर आधी तिच्यापुढे लावलेल्या स्कूटरी कुणाच्या आहेत त्याचा शोध घ्यायचा. तरी दर रविवारी सकाळी आम्ही ती काढतो आणि खडकवासल्याला जातो. तिथे कांदाभजी खायची, भाजलेलं कणीस खायचं, धरणात पाणी किती आहे ते बघायचं आणि यंदा पाणीकपात होणार की नाही यावर दोघांनी दोन मतं द्यायची. वर्षानुवर्षं हा आमचा रविवार आहे आणि मला तो फार आवडतो.

यांची सगळी नोकरी खडकीला, संरक्षण खात्याच्या कारखान्यात, मशीन शॉपमध्ये गेली. मी टेलिफोनमध्ये होते. गाडी म्हणायला दोघांची असली तरी ती चालवायचे हेच. मी डाव्या बाजूला बसून बडीशेप पुरवायची आणि समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यांबद्दल मत द्यायचं, अशी कामाची वाटणी होती. मग यांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि बारीक अक्षर तर अंदाजानंच वाचायचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं की आता गाडी चालवायची नाही. घरी आल्यावर यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "आता तू." त्यावर दुसरा शब्द नाही. मी किल्ली उचलून पर्समध्ये ठेवली आणि चहा टाकायला गेले.

माझ्याकडे लायसन्स होतं, पण ते मी आजवर ओळखपत्र म्हणूनच वापरलं होतं. मी पुन्हा शिकवणी लावली. साठी जवळ आल्यावर रिव्हर्स शिकणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. पण शिकले, आणि आता चांगली चालवते. यांच्यापेक्षा बरी चालवते असंही काही जण म्हणतात. म्हणजे मीच म्हणते, पण कुणी खोडून काढत नाही. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं हे पाहुण्यांना सांगतात, आणि त्यात मला कौतुकच ऐकू येतं.

स्टिअरिंग सुटल्यावर यांनी बॉनेट धरलं. दुधाची तहान ताकावर. पूर्वी गाडीचं तेलपाणी वर्षातून एकदा गॅरेजमध्ये व्हायचं. आता आठ-पंधरा दिवसांनी हे खाली पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभे दिसायला लागले. आणि मग बाटल्या सुरू झाल्या. इंजिनाची झीज कमी करणारी एक, तेलाला दाटपणा आणणारी एक, पेट्रोलच्या टाकीत घालायची एक आणि आतून इंजिन धुऊन काढणारी एक. माझ्या गॅलरीत कुंड्यांच्या शेजारी एक मांडणी आहे, तिच्यावर पूर्वी माझ्या लोणच्याच्या बरण्या उन्हं खात. त्या जागेवर हळूहळू हा दवाखाना उभा राहिला. घरात वास तेलाचा, टॉवेलवर डाग तेलाचे, आणि चहाच्या गाळण्यासारखं दिसणारं एक फनेल एकदा चक्क भांड्यांच्या टोपलीत सापडलं. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

बाटल्या खडकी बाजारातून यायच्या. तिथे तेल-ग्रीसचं एक जुनं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलेलं. आता नातू बसतो, तोही साठीला आलेला. हे नोकरीत असल्यापासून त्या मुसलमान कुटुंबाशी आमची ओळख. माणूस गोड, मराठी इतकं स्वच्छ की आमच्या इमारतीत निम्म्या लोकांना तसं येत नाही. एकदा हे मागच्या खोलीत बाटल्यांचे वास घेत असताना मी त्यांना हळूच विचारलं, की तुम्ही स्वतःच्या स्कूटरमध्ये यातलं काही घालता का. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी दुकानदार, साहेब गिऱ्हाईक. ज्यानं त्यानं आपापलं काम करावं." मला उत्तर मिळालं. वर त्यांनी चहाही पाजला.

गंमत अशी की ह्या औषधांचा उपयोग नाही, हे मला यांनीच शिकवलेलं. त्यांच्याइतकं नीट कुणी सांगितलं नसतं. चांगलं इंजिन ऑईल घेतलं की त्यात मळ धरून ठेवणारं, गंज येऊ न देणारं, झीज अडवणारं असं जे जे लागतं ते कंपनीनं मापात घालूनच दिलेलं असतं. वरून आणखी घातलं तर ते माप बिघडतं. आमटीत मीठ घातलेलं असताना येणाऱ्या-जाणाऱ्यानं आणखी चिमूट टाकावी, तसं. इंजिन म्हातारं होऊन तेल पीत असेल, धूर सोडत असेल तर दाट औषधानं चार दिवस बरं वाटतं, पण ते बरं वाटणं असतं, बरं होणं नसतं. वेळच्या वेळी तेल आणि फिल्टर बदलावा, बाकी काही लागत नाही. गाडीच्या माहितीपुस्तकातही तेच छापलंय. मी भिंग लावून यांना वाचून दाखवलं होतं. यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरोबर आहे," म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात खडकीला जाऊन नवी बाटली आणली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

फ्लशची, म्हणजे इंजिन आतून धुणाऱ्या औषधाची, तर वेगळीच तऱ्हा. हे पातळ, रॉकेलसारखं औषध जुन्या तेलात ओतायचं, गाडी जागच्या जागी दहाएक मिनिटं चालू ठेवायची, मग सगळं तेल काढून टाकायचं, फिल्टर बदलायचा आणि नवं तेल भरायचं. त्याच्यावर गाडी रस्त्यात न्यायची नाही. माझ्या माहेरी मे महिन्यात एका रविवारी सगळ्या पोरांना रांगेत बसवून एरंडेल द्यायचे, आणि त्या दिवशी कुणी अंगण ओलांडायचं नाही अशी ताकीद असायची. फ्लश म्हणजे इंजिनाचं एरंडेल. तरण्या पोराला ते झेपतं. जुन्या इंजिनात मात्र वर्षानुवर्षं बसलेला काळा चिखल त्यानं एकदम सुटतो, तेल वर ओढणाऱ्या जाळीत जाऊन अडकतो आणि इंजिनाचाच घसा कोरडा पडतो. रोगापेक्षा इलाज भयंकर. हेही यांनीच सांगितलेलं.

आमच्या लेकीला ह्या सगळ्याचा वैताग होता. ती हिंजवडीला नोकरी करते, बाणेरला राहते आणि आमच्यावर लांबून लक्ष ठेवते. आदल्या पावसाळ्यात आमची गाडी भर पुलावर बंद पडली. दोष बिचाऱ्या बॅटरीचा होता, पण मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, वरून पाऊस आणि यांना बाजूचं काही दिसत नसताना हे रस्त्यात उतरून गाडी ढकलायला लागलेले. कुणीतरी लेकीला फोन केला. ती मीटिंग टाकून धावत आली. घरी आल्यावर तिनं आमच्या दोघांकडून शब्द घेतला, की पुन्हा एकदा ही गाडी रस्त्यात उभी राहिली तर ती जाईल आणि तिच्या जागी लेक निवडेल ती इलेक्ट्रिक गाडी येईल. मी शब्द दिला. माझ्या मनात तेव्हा गॅलरीतली मांडणी होती. यांनीही दिला. नाही म्हणायला त्यांच्यापाशी कारण नव्हतं.

मग लेकीनं मोबाईलवर त्या गाडीचे फोटो दाखवले. गाडी सुरेख होती. आवाज नाही, धूर नाही. "आणि बाबा, यात ऑईलच नाही," ती कौतुकानं म्हणाली. "ऑईल नाही, फिल्टर नाही, काहीच करावं लागत नाही. झिरो टेन्शन." हे "वा" म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उलटं की सुलटं ते न बघता उघडलं. त्या दिवसापासून त्यांचं खाली जाणं वाढलं. गाडी बंद पडता कामा नये, एवढं एकच त्यांनी डोक्यात घेतलं. गाडी गेली तर ह्या माणसाचं सकाळचं काय राहील, हे मला दिसत होतं. पण बाटल्यांचा वास आला की मला तेवढंही दिसेनासं व्हायचं.

त्या वर्षी तेल बदलायची वेळ आली तेव्हा यांनी हट्टानं फ्लश आणला. निदान अर्धाच घाला, असं मी निक्षून सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. पार पडलं सगळं नीट. उरला अर्धा डबा, आणि त्याचं झाकण तडकलेलं. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. आमच्याकडे रिकामी बाटली शोधली गेली. झीज कमी करणाऱ्या औषधाची एक छान, रुंद तोंडाची बाटली धुऊन ठेवलेलीच होती. यांनी उरलेला फ्लश तिच्यात ओतला आणि काळ्या मार्करनं तिच्यावर मोठ्या अक्षरात 'फ्लश' लिहिलं. आता मार्करची शाई कशानं जाते हे मशीन शॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाला सांगायला नको. ह्या बाटलीचंही झाकण सैल होतं, त्यातून थेंब थेंब पाझरत राहिला आणि फ्लशनं सगळ्यात आधी स्वतःचंच नाव धुऊन काढलं. बाटली पुन्हा झीज कमी करणारी झाली.

आणि मग तो रविवार. हे नेहमीप्रमाणे माझ्याआधी खाली उतरले. मी पाण्याची बाटली, टोपी, यांच्या डोळ्यांचे थेंब असं पिशवीत भरून खाली गेले तेव्हा बॉनेट लागत होतं. "आज भराभर उतरलं औषध," हे हात पुसत म्हणाले. "उन्हानं पातळ झालंय." उन्हाळा होताच. मी मान डोलावली आणि पुढच्या स्कूटरी हलवायच्या मागे लागले.

सिंहगड रस्त्यावर सकाळी सकाळी मोकळं होतं. माझी गाडी मजेत चालली होती. हे डाव्या बाजूला बसून, मी गिअर कुठे बदलते ते कानांनी तपासत होते. पूर्वी ते बोलून दाखवायचे, आता नुसते हुंकार देतात. हुंकारावरून मला कळतं. धायरी फाट्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांचा हुंकार आला नाही. त्यांनी मान पुढे केली. "टकटक ऐकू येतीय," ते म्हणाले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण समोर काट्यांच्या खाली एक लाल चित्र लुकलुकायला लागलं होतं, तेलाच्या झारीसारखं. मी म्हटलं, झारी लागलीय. त्यांनी एकदम हात पुढे केला, "बाजूला घे. बंद कर आधी."

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागून हॉर्न नाही, पाऊस नाही, छान ऊन पडलेलं. तरी आम्ही दोघं समोर बघत बसलो. गाडी रस्त्यात उभी राहिली होती, आणि त्याचा अर्थ दोघांनाही माहीत होता.

नशिबानं थोड्या अंतरावर एक गॅरेज उघडं होतं. मालक स्वतः आला, चार माणसांना हाका मारल्या आणि गाडी ढकलत आत घेतली. ह्या वेळी यांना मी खुर्चीवर बसवलं. त्यानं खालचा बोल्ट सोडला. काळं पाणी म्हणावं इतक्या वेगानं तेल बादलीत पडलं. "काका, ह्यात ऑईल हाय का रॉकेल?" त्यानं विचारलं. हे उठले. बादलीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकापाशी नेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांना क्षणात कळलं. "फ्लश आहे," ते म्हणाले. "मी घातलंय. माझ्याच हातानं."

त्यांनी कुणावर ढकललं नाही, उन्हावर नाही, बाटलीवर नाही. गॅरेजवाला भला माणूस. तो नुसता गालात हसला आणि जाळी बघायला खाली वाकला. खालचं पॅन काढून जाळी साफ करावी लागेल, नवं तेल, नवा फिल्टर, थोडा वेळ लागेल, असं त्यानं सांगितलं. इंजिनाला काही झालेलं दिसत नव्हतं. लगेच बंद केली म्हणून वाचली, असं तो म्हणाला. ती टकटक यांनी ऐकली होती, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

आम्ही समोरच्या टपरीच्या बाकावर चहा घेऊन बसलो. आणि तिथे माझं तोंड सुटलं. इतके महिने साठलेलं सगळं बाहेर पडलं. गॅलरी, टॉवेल, फनेल, लोणच्याच्या बरण्या, सगळं. हे खाली बघत ऐकत होते. एक बोट अजून काळं होतं. शेवटी मी म्हटलं, "अहो, उपयोग नाही हे तुम्हीच मला समजावून सांगितलंत. मग का आणता?"

त्यांनी रुमालानं बोट पुसायचा प्रयत्न केला. ते पुसलं जाईना.

"नुसतं तेलच बदलायचं म्हटलं," ते म्हणाले, "तर वर्षातून एकदाच बॉनेट उघडावं लागतं."

मी ओठांवर आलेलं वाक्य गिळलं आणि चहाही गिळला. त्यांचा मला इतके दिवस राग येत होता तो कुठे गेला कळलं नाही, आणि त्याच्या जागी इतकी माया दाटून आली की भर धायरी फाट्यावर माझे डोळे भरले. किल्ली माझ्यापुढे ठेवली त्या दिवशी हा माणूस एका शब्दानं कुरकुरला नव्हता. मी आपली समजत होते, बरं झालं, सहज घेतलं. मी त्यांच्या हातातला रुमाल घेतला, पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि ते बोट पुसायला लागले. अर्थात तेलाचा डाग पाण्यानं जात नाही. हे म्हणाले, "पाण्यानं नाही जायचं ते." मी म्हटलं, माहीत आहे, गप्प बसा.

जेवायच्या वेळेला गाडी सुरू झाली. झारी एकदा लागली आणि विझली. गॅरेजवाल्यानं इंजिन चालू ठेवून यांना जवळ बोलावलं. हे कान देऊन उभे राहिले, बराच वेळ, आणि मग हुंकार आला. घरी परत जावं असं मला वाटत होतं, पण गाडी रस्त्याला लागल्यावर माझं मन बदललं आणि मी धरणाच्या दिशेनं वळवली. भज्यांचा घाणा नुकताच निघाला होता. पाणी पार खाली गेलेलं, काठचा चिखल उघडा पडलेला. यंदा कपात नक्की, असं मी म्हटलं. यांनी विरुद्ध मत द्यायला हवं होतं, पण ते नुसते कणीस सोलत बसले. दाणे काढून निम्मे माझ्या हातावर ठेवले.

परत येताना त्यांनी एकच गोष्ट विचारली. "तिला सांगणार आहेस?"

मी म्हटलं, सांगणार. खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, आणि ह्या वयात माझ्याच्यानं ते होत नाही. त्यांनी मान हलवली. शब्द दिलेला आहे, तेव्हा काय ते होईल, अशी ती मान होती.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतली मांडणी रिकामी केली. सगळ्या बाटल्या एका खोक्यात भरल्या. ह्या वेळी एकही बाटली धुऊन ठेवली नाही, रिकामीसुद्धा नाही, आणि हे मला किती जड गेलं ते आमच्यासारख्यांनाच कळेल. मग यांच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं, की आजपासून गाडीत तेलाशिवाय काही पडणार नाही. पण निघायच्या आधी तुम्ही तेल बघितल्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही. दर वेळी.

"दर वेळी कशाला?" हे म्हणाले. "महिन्यातून एकदा पुरे होतं."

"ती लाल झारी माझ्यापुढे लागली होती, तुमच्यापुढे नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कशाचीही भीती वाटत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. मग म्हणाले, बरं, पण फडकं चांगलं दे, दोरे सुटणारं नको. मी माझ्या जुन्या मऊ साडीचा एक तुकडा फाडून दिला.

बुधवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाटली, मार्कर, झारी, धायरी फाटा. ती मध्ये मध्ये "ओ गॉड" म्हणत होती, एकदा हसलीही. मग तिचा आवाज कामाचा झाला. शोरूममध्ये तिच्या ओळखीचं कुणी होतं, शनिवारी टेस्ट ड्राइव्ह ठरवता येईल, आपल्या पार्किंगमध्ये चार्जरची लाईन घेता येईल का तेही तिनं विचारून ठेवलं होतं. तिचं सगळं बरोबर होतं. ती आमच्या काळजीनंच बोलत होती, आणि मला तिचं कौतुक वाटत होतं.

मी म्हटलं, "गाडी द्यायची नाही."

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग? बी प्रॅक्टिकल ना, प्लीज. उद्या पुन्हा बाबांचा काही गोंधळ झाला तर? बाबा नाही म्हणाले का?"

"त्यांना विचारलंच नाही मी."

"मग विचार ना. दे त्यांना फोन."

"ते घरात नाहीत," मी म्हटलं. "खाली गेलेत, गाडीचं तेल बघायला."

"अगं, पण रविवारीच तर नवीन ऑईल भरलं ना? आणि आज कुठे जायचंय तुम्हाला?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "मीच पाठवलंय त्यांना."